पांढऱ्या रांगोळीचं पुण्य

एका राज्यात नांगराला बैल नव्हते, सैन्यात शिपाई नव्हते आणि मोटेवर माणूस नव्हता. तरी शेते पिकत, लढाया जिंकल्या जात आणि हौद काठोकाठ भरलेले असत. कारण त्या राज्यात आवाहनाची विद्या होती. जमिनीवर रांगोळीचे रिंगण काढायचे, मंत्र म्हणायचा, की रिंगणात परलोकीचा जीव उभा. त्याला काम सांगायचे, त्याने ते करायचे. काम झाले की रांगोळी पुसायची आणि जीव दिसेनासा व्हायचा. तो कुठे जातो हे कुणी विचारत नसे. केर काढल्यावर केर कुठे जातो, हे तरी कोण विचारते?

मात्र पापपुण्याचा विचार त्या राज्यात फार होता. पांढऱ्या रांगोळीने आकाशलोकीचे जीव येत: हंस, शुभ्र हरणे, रुपेरी आयाळीचे घोडे. कोळशाच्या काळ्या रांगोळीने पाताळातले येत: शिंगांचे, खवल्यांचे, पिवळ्या डोळ्यांचे. पांढऱ्याला बोलावणे हे पुण्य, काळ्याला बोलावणे हे पाप, असा कायदा राजाच्या आजोबांनी शिळेवर कोरून ठेवला होता. बोलावून त्याच्याकडून करवून काय घेतले, याबद्दल शिळेवर एक अक्षर नव्हते. म्हणून एका कोळ्याने महापुरात बुडणारी मुले काढायला काळा राक्षस बोलावला, तेव्हा मुले वाचली आणि कोळी तुरुंगात गेला. सेनापतीने शेजारचे गाव जाळायला शुभ्र गरुड बोलावले, तेव्हा गाव जळाले आणि सेनापतीची हत्तीवरून मिरवणूक निघाली. लोकांनी सज्जातून फुले उधळली. कुणालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

या राज्याची राजआवाहिका होती शाल्मली. तिच्या चिमटीतून रांगोळी अशी सुटे की रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे मिळाली ते सापडत नसे. कोळशाला तिने जन्मात बोट लावले नव्हते. आपण पुण्यवान आहोत, याबद्दल तिला शंका नव्हती. आपल्याला दोन कान आहेत याबद्दल जशी शंका नसते, तशी.

आणि एका वसंतात त्या राज्यावर शाप उतरला. ज्याला हाक मारावी, त्याला ती ऐकू येईना. घंटा ऐकू येई, नगारा ऐकू येई, शेजाऱ्याचे नाव कुणी घेतले तर तेही ऐकू येई. पण स्वतःला मारलेली हाक कानापाशी येऊन विरून जाई. लोक आधी हसले. मग त्यांनी सोय लावून घेतली. बाजारात प्रत्येक दुकानी चिंचोक्यांचा वाडगा आला. गिऱ्हाईक पुढे निघून चालले की पाठीत चिंचोका मारायचा. दरबारात राजाने प्रधानांच्या कमरेला रेशमी दोऱ्या बांधल्या आणि ज्याच्याशी बोलायचे त्याची दोरी ओढू लागला. "शापाचं काही नाही हो," लोक म्हणत, "सवय होते."

शाल्मलीलाही सवय झाली असती. पण तिला एक मुलगी होती, दुर्वा नावाची. एका सकाळी दुर्वा चतुराच्या मागे धावत तलावाच्या फुटक्या कठड्याकडे निघाली. "दुर्वा!" शाल्मली ओरडली. "दुर्वा, थांब! दुर्वा!" अख्ख्या पेठेने वळून पाहिले. दुर्वाने पाहिले नाही. शाल्मलीने कनवटीची पुडी सोडून रिंगण काढायला घेतले. पण रिंगणाला वेळ लागतो, पडायला लागत नाही. काठावर धुणे धूत असलेल्या एका बाईने पोरीला केसांना धरून वर ओढले, म्हणून ती जगली.

घरी आल्यावर शाल्मलीने लेकीच्या पायाला दोरी बांधली आणि दुसरे टोक खांबाला बांधले.

"आई, मी चोर आहे का?" दुर्वाने विचारले.

शाल्मलीने दोरीची गाठ पुन्हा ओढून पाहिली. ती तशीच उठली आणि राजवाड्यात गेली.

राजा पृथुसेनाच्या खांद्यावर एक म्हातारा राघू असे. त्याने या राजाच्या बापाला आणि आजोबालाही पाहिले होते, आणि तिघांबद्दलही त्याचे मत बरे नव्हते.

"शाप कुठे आहे?" शाल्मलीने विचारले.

"लढायांत मिळालेली लूट आहे तिथे," राघू म्हणाला.

"लूट कुठे आहे?"

"यांच्या आजोबांनी काळदरीच्या डोंगरात कोंडली. तीन दारं आहेत. पहिल्या दारात जो पहिलं पाऊल टाकतो, त्याच्यावर धोंडा पडतो. दुसऱ्यात जो पहिला शिरतो, त्याला गिळून आग विझते. तिसऱ्यापुढे जो उभा राहतो, त्याची शिळा होते, आणि मग दार उघडतं."

"आत काय आहे?"

"मी बाहेरच होतो, बाई. म्हणून तर अजून बोलतोय."

राजा म्हणाला, "दारांचं काय एवढं? आपल्याकडे आवाहन आहे. शाल्मलीबाई, आपण जा. सोबत धर्माध्यक्ष पुंडरीकशास्त्री येतील. शापाचं काम आहे, पापपुण्याचा हिशोब चोख हवा."

पुंडरीकशास्त्र्यांजवळ गुणमणी होता. आवाहन पुण्याचे झाले की तो दुधासारखा उजळे, पापाचे झाले की काजळीसारखा काळवंडे. शास्त्रीबुवा तो गळ्यात घालून झोपत.

वाटेत त्यांनी शिदोरी सोडली तेव्हा शाल्मलीने विचारले, "शास्त्रीबुवा, या दारांत जे जीव पाठवायचे, ते मरतील ना?"

"आकाशलोकीचे जीव मरत नसतात. परत जातात."

"कुणी पाहिलंय?"

"पाहायचं कशाला? मणी पांढरा होतो ना!" आणि त्यांनी चटणीचे बोट चाटले.

पहिल्या दाराशी शाल्मलीने पांढरे रिंगण काढले. एक शुभ्र हरीण आले, टपोऱ्या डोळ्यांचे, अजून तोंडात गवताची काडी असलेले. तिने दाराकडे बोट दाखवले. हरिणाने तिच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि ते चालत गेले. धोंडा पडला. बारीकसा आवाज झाला. मणी दुधासारखा उजळला.

"पुण्य लागलं," पुंडरीकशास्त्री म्हणाले आणि धोतर सावरत धोंड्याच्या कडेने पुढे झाले. शाल्मली त्यांच्यामागून गेली. धोंड्याखालून गवताची काडी बाहेर आली होती. ती तिला दिसली नसती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दाराआड आग घोरत होती. शाल्मलीने पुन्हा रिंगण काढले. या वेळी पांढरी साळुंकी आली, आणि आकाशलोकीच्या साळुंक्या बोलतात.

"कामाला बोलावलंत?" साळुंकीने विचारले.

"या दारातून आत जायचं," शाल्मली म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि आज्ञा बांधली गेली. मग तिला विचारायचे सुचले. "थोड्या वेळापूर्वी इथे एक हरीण आलं होतं. ते तुमच्याकडे परत पोचलं का?"

"नाही."

"कदाचित वाटेत असेल."

"वाट नसते, बाई. रांगोळी पुसली की आम्ही क्षणात घरी. जो कामात मरतो, तो येत नाही. कुरणावर त्याची हरिणी वाट बघत उभी आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असतं," साळुंकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. शाल्मलीने रांगोळी पुसायला हात पुढे केला, पण आज्ञा आधी निघालेली होती. साळुंकी उडाली. आग तिच्यावर मिटली आणि विझली. मणी उजळला.

"दुसरंही पुण्य!" पुंडरीकशास्त्री म्हणाले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही ऐकलंत ना?"

"पक्षी काहीही बोलतात."

"ती खोटं का बोलेल? आकाशलोकीची आहे. सत्यवचनी म्हणूनच तर तिला बोलावणं पुण्य!"

शास्त्रीबुवांनी मणी उपरण्याने पुसला. "मणी पांढरा आहे," ते म्हणाले. "माझं काम मण्याकडे पाहण्याचं."

तिसऱ्या दारापुढे जमिनीत खोल रिंगण कोरलेले होते. त्याभोवती माणसाएवढ्या शिळा पडल्या होत्या; कुणाला चोच होती, कुणाला शेपूट. शाल्मलीने पुडी उघडली. पांढरी भुकटी चिमटीत आली, पण सुटेना. डोळ्यापुढे दोरीला बांधलेला पाय येई, लगेच गवताची काडी येई. एकीसाठी दुसरा मारायचा, तर मग कोण मारायचा? तिला वाटले, कुणाची शिळाच व्हायची असेल, तर ती दुष्टाची होवो. तिने विझल्या आगीतला कोळसा उचलून चुरला.

"बाई! पाप!" पुंडरीकशास्त्री किंचाळले.

"राक्षसाची शिळा झाली तर वाईट काय?"

"शिळा झाली तर उत्तमच. बोलावणं पाप आहे!"

"म्हणजे साळुंकी जाळली ते चांगलं, आणि राक्षस बोलावला ते वाईट?"

"अगदी बरोबर. आता कळलं तुम्हाला."

तिला काहीच कळले नव्हते. तिने काळे रिंगण पुरे केले. धूर झाला आणि राक्षस उभा राहिला: दोन शिंगे, पिवळे डोळे, आणि कोपरापर्यंत हात कणकेने भरलेले. मणी काळवंडला. शास्त्रीबुवा एका शिळेमागे गेले.

"लवकर सांगा," राक्षस म्हणाला. "चुलीवर तवा आहे. कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही."

"मग जाळायचंय?"

"नाही." शाल्मलीने दाराकडे बोट नेले आणि मध्येच खाली घेतले. दुष्टाने असे कणकेचे हात घेऊन यायला नको होते. "त्या रिंगणात जो उभा राहील, त्याची शिळा होईल आणि दार उघडेल. माझ्या मुलीला माझी हाक ऐकू येत नाही. दार उघडलं तर शाप सुटेल म्हणतात. उभा राहशील का?"

राक्षसाने मान तिरकी केली. "हे तुम्ही विचारताय?"

"हो."

"मला आजवर कुणी विचारलं नाही. नाही म्हटलं तर चालेल?"

"चालेल बहुतेक. मलाही ठाऊक नाही."

"मग नाही," राक्षस म्हणाला. "शिळा व्हायची इच्छा नाही मला. तुमच्या पोरीचं ऐकून वाईट वाटलं, पण नाही."

शाल्मलीने वाकून काळी रांगोळी पुसली. राक्षसाने जाता जाता हात जोडले, आणि कणकेचा एक गोळा जमिनीवर पडला.

शास्त्रीबुवा शिळेमागून बाहेर आले. "राक्षस आज्ञा मोडून गेला!"

"आज्ञा केलीच नव्हती."

"मग आवाहन कसलं ते? आणि मणी बघा, काळाकुट्ट! आता तरी पांढऱ्याने काढा. एकच जीव, बाई. एक जीव, दार उघडलं, पोर मोकळी."

एकच जीव. शाल्मली गुडघ्यावर बसली. तिने पांढरी रेघ ओढायला घेतली आणि ती अर्ध्यावर आली. दुर्वासाठी तिने काय केले नसते? पुढची चिमूट भरली, आणि तेव्हाच तिला दाराआडून आवाज आला. आवाज पुष्कळ होते, दमलेले होते, आणि एकच गोष्ट म्हणत होते: "कोणी आहे का?"

शापामुळे ज्याला हाक मारावी त्याला ती ऐकू येत नसे. पण आतल्यांना कुणाचेच नाव माहीत नव्हते. ज्यांनी त्यांना बोलावले, त्यांनी आपले नाव कधी सांगितले नव्हते. ती हाक कुणा एकाला नव्हतीच. म्हणून शाल्मलीला ती ऐकू आली. आणि स्वयंपाकघरात काम करता करता ओटीवरून कुणी विचारले तर बाई देते, तशी तिने सहज ओ दिली.

"ओ! आहे मी!"

जो हाकेला ओ देतो, तो आला. आवाहनाचा हा पहिला नियम. पुंडरीकशास्त्र्यांच्या डोळ्यांदेखत ती अर्ध्या रेघेपाशी होती आणि नाहीशी झाली.

ती दाराच्या आत उभी होती. भोवती सोन्याच्या राशी होत्या आणि जमिनीवर सोन्याच्या भुकटीचे रिंगण होते, खुरांनी आणि नख्यांनी रेखलेले, वेडेवाकडे. रिंगणाबाहेर जीवच जीव: चेपलेले, जळालेले, भाले लागलेले. राजाच्या आजोबांपासून आजपर्यंत कामात मेलेले सगळे तिथे कोंडले होते. वर्षांच्या धुळीने पांढरे कोण आणि काळे कोण हे ओळखू येत नव्हते. पुढेच पंख करपलेली साळुंकी बसली होती.

"आली," कुणीतरी म्हणाले. "कुणीतरी ओ दिली."

"आता हिला काम सांगायचं."

"धोंड्याखाली पाठवा हिला!" एक रानडुक्कर म्हणाले.

"कशाला? तिथे आपलं काय आहे?"

"आपल्यालाही तिथे काय होतं?"

त्यांनी कधी कुणाला काम सांगितले नव्हते; ते आपसांत कुजबुजू लागले, भांडू लागले. शाल्मली रिंगणात उभी राहिली. तिला बाहेर पाऊल टाकता येत नव्हते, आणि आपल्याला काय सांगतील हे कळत नव्हते. रिंगणाच्या आतून जग कसे दिसते, हे तिला आज दिसत होते.

अखेर साळुंकी म्हणाली, "हे सगळे मेले तेव्हा यांनी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. मग यांनी म्हटलं, तुमच्याही हाकेला ओ मिळू नये. शाप तो एवढाच. आम्हाला घरी पाठव. जिवंत नाही होणार आम्ही, पण घरी जाऊ."

"कसं पाठवू?"

"नाव विचार, आणि निरोप दे. पाहुण्याला देतात तसा."

शाल्मलीने एकेकाला नाव विचारले. कुणाला पटकन आठवले, कुणाला फार वेळ लागला. नाव कळले की ती हात जोडून "या बरं का" म्हणे आणि तो जीव निघून जाई. रानडुकराचे नाव मोठे सुरेख होते. साळुंकी जाताना म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं, हे मी सांगेन तिकडे. ऐकतीलच असं नाही."

शेवटी एक हरीण उरले.

"तुझं नाव?" शाल्मलीने विचारले.

"सांगणार नाही."

"का?"

"तू मला काही विचारलं नव्हतंस. मीही काही सांगणार नाही."

काम पुरे झाल्याशिवाय रिंगण सोडत नसते. शाल्मली खाली बसली. "माझी मुलगी बांधलेली आहे घरी," ती म्हणाली. "हे संपलं तर ती सुटेल."

"म्हणजे मला घरी पाठवायचंय तेही तुझ्याच कामासाठी."

शाल्मलीने नाही म्हणायला तोंड उघडले, पण ते खरे होते. "हो," ती म्हणाली. "तुझ्यासाठीही आहे. पण किती तुझ्यासाठी आणि किती माझ्यासाठी, ते मला वेगळं करून सांगता येत नाही. मला आज काहीच धड कळत नाही."

हरिणाने खुराने सोन्याची भुकटी उकरली. तिने क्षमा मागितली नाही. मागावी आणि त्याने द्यावी, हेही एक कामच झाले असते.

"तुझं नाव काय?" हरिणाने विचारले.

"शाल्मली."

हरीण कोपऱ्यात जाऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग त्याने हाक मारली. "शाल्मली!"

"ओ!" ती म्हणाली, आणि दचकली. कितीतरी दिवसांनी तिने स्वतःला मारलेली हाक ऐकली होती.

हरीण परत आले आणि त्याने तिच्या कानात आपले नाव सांगितले. ते नाव तिने पुढे कधी कुणाला सांगितले नाही. तिने हात जोडले. "या बरं का," म्हटले. आत कुणी उरले नाही.

तिसरे दार आपोआप उघडले. बाहेर पुंडरीकशास्त्री ओरडत होते, "शाल्मलीबाई! अहो शाल्मलीबाई!" आणि तिला ते स्वच्छ ऐकू येत होते.

दरबारात शास्त्रीबुवांनी आपले कर्तव्य केले. त्यांनी काळा मणी राजापुढे धरला आणि राजआवाहिकेला तुरुंगात टाकावे अशी मागणी केली.

"मणी किती वेळा पांढरा झाला?" राजाने विचारले.

"दोनदा, महाराज."

"तेव्हा काय घडलं?"

"हरीण चिरडलं, साळुंकी जळाली."

"आणि काळा झाला तेव्हा?"

"काही नाही. एक राक्षस आला आणि स्वयंपाकाला परत गेला."

राजाने मण्याकडे पाहिले, कायद्याच्या शिळेकडे पाहिले, शाल्मलीकडे पाहिले. "मग यातलं पाप कोणतं?" त्याने राघूला विचारले.

"इतके शास्त्री पाळलेत, आणि विचारता पोपटाला?" राघू म्हणाला.

त्या दिवशी दरबारात निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण कोळी तुरुंगातून सुटला, प्रधानांच्या कमरेच्या दोऱ्या सुटल्या, आणि आजोबांची शिळा पालथी घालून तिच्या कोऱ्या पाठीवर एवढेच कोरले गेले: विचारल्यावाचून कुणाला बोलावू नये, आणि नाही म्हणणाऱ्याला जाऊ द्यावे. पुंडरीकशास्त्र्यांनी याला लेखी विरोध केला. काळदरीतल्या सोन्याला कुणी हात लावला नाही. विचारल्यावर बहुतेक जीव नाही म्हणत, म्हणून शेतकऱ्यांनी बैल जुंपले. सैन्यात माणसे भरती झाली. स्वतः मरायचे म्हटल्यावर सेनापतीला तहाच्या अटी भराभर सुचू लागल्या. राज्याची घडी बसली. शाल्मलीला मात्र दोन पांढऱ्या आवाहनांबद्दल कुणी शिक्षा केली नाही, आणि ती का केली नाही हे तिला शेवटपर्यंत समजले नाही.

दरबार सुटल्यावर ती घरी धावली. खांबाला नुसतीच दोरी होती. गाठ दुर्वाने दातांनी सोडवली होती. शाल्मली मागच्या दारी गेली. परसात, आंब्याच्या पलीकडे पोरांचा गलका चालला होता.

"दुर्वा!" तिने हाक मारली.

"ओ!" पलीकडून आवाज आला.

"इकडे ये!"

"नाही येत!" दुर्वा ओरडली. "माझ्यावर राज्य आहे!"

शाल्मली दारात उभी राहिली. पुन्हा हाक मारावी की मारू नये, हे तिला कळेना. मग ती पायरीवर बसली आणि डाव संपेपर्यंत बसून राहिली.

ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांनी ओ द्यावी. ज्यांना द्यायची नाही, त्यांनी तसे मोकळेपणी सांगावे.